घाबरं होतंय

‘देअर इज नथिंग टू बी अफ्रेड ऑफ,’ शिफा म्हणाली आणि अण्णांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. घडलं ते एवढंच. शिफा आमच्या नर्सिंग कॉलेजची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, चाकणच्या अय्याज मेकॅनिकची मुलगी, आणि मी तिची इंग्रजीची मॅडम. वाक्य तिनं अगदी मी शिकवलं तसंच म्हटलं होतं. ‘नथिंग’वर किंचित थांबून, आवाज खाली आणून, पेशंटच्या खांद्याला बोटं टेकवून. ‘अफ्रेड’मधल्या ‘फ’साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे असतात. त्या एका ‘फ’वर मी मागच्या सत्रात वर्गाचा अख्खा तास खाल्ला होता, आणि तो ‘फ’ आज माझ्याच वडिलांच्या उशाशी इतका सुरेख उमटला की स्टुलावर बसल्याबसल्या मला बरं वाटलं. वडील हॉस्पिटलच्या पलंगावर आणि लेक उच्चारावर खूश. शिक्षकी पेशा अंगात मुरला की माणूस लग्नपत्रिकेतही ऱ्हस्वदीर्घ तपासतो, त्यातलाच प्रकार. मग अण्णांची मान वळलेली दिसली, मानेवरची रापलेली कातडी दिसली आणि माझं बरं वाटणं तिथंच थांबलं. शिफानं चार्टवर दोन ओळी लिहिल्या, ‘थँक यू, सर’ म्हणाली, माझ्याकडं बघून हसली आणि पुढच्या पलंगाकडं गेली.

अण्णांनी तिला सांगितलं होतं, ‘पोरी, घाबरं हुतंय गं.’ सकाळी चऱ्होलीत घरी चहा अर्धा टाकून उठले तेव्हाही ते हेच म्हणाले होते. अण्णा, म्हणजे बबनराव, चहा अर्धा टाकणाऱ्यातले नव्हेत. बशीतला शेवटचा घोटही ते बशी तिरकी करून घेतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘सपने, ह्यांना घेऊन जा बाई तुझ्यासंगं. पहाटेपासनं घाबरं हुतंय, जीव खालीखाली जातुय म्हनत्यात.’ मी गाडी भोसरीकडं वळवू शकले असते, पिंपरीला नेऊ शकले असते, तिथं हृदयाची, मेंदूची, गुडघ्याची, अशी अवयवागणिक हॉस्पिटलं उभी आहेत. पण आमच्या कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, चाकणच्या पलीकडं, आणि तिथं सगळे ओळखीचे. ओळखीच्या भाजीवाल्याकडं भाजी महाग मिळते आणि ओळखीच्या डॉक्टरकडं वाट बघावी लागते हे ठाऊक असूनही आपण संकटात ओळखच शोधतो. ‘मॅडमचे फादर’ म्हणून अण्णांना खिडकीचा पलंग मिळाला. खिडकीतून रस्ता दिसत होता आणि रस्त्यावर कांद्याच्या ट्रकांची रांग. ड्यूटीवर डॉ. धनेश होते, केरळचे, वर्षभरापूर्वी आलेले, अतिशय सभ्य आणि कामात चोख. त्यांनी ईसीजीची पट्टी काढली, उजेडात धरून पाहिली. थोडा फरक आहे, म्हणाले, पण तो जुनाही असू शकेल. रक्त तपासायला पाठवलंय, दुपारी पुन्हा पट्टी काढू, तोवर लक्ष ठेवू. अण्णांना साखरेच्या गोळ्या चालू आहेत हे मी सांगितलं, ते त्यांनी लिहून घेतलं. छातीत दुखतंय का, असं त्यांनी अण्णांना हातवारे करून विचारलं. दुखत नव्हतं. हात भरून येतोय का? येत नव्हता. मग ते गेले, आणि शिफा आली, आणि तिला अण्णांनी जे होत होतं ते सांगितलं.

अण्णा भिंतीलाच म्हणाले, ‘म्या काय भ्यालोय व्हय?’

‘नाही हो अण्णा. ती धीर देत होती तुम्हाला.’

‘अफ्रेड म्हनली. येवढं कळतंय मला.’

त्यांना कळत होतं, आणि चांगलंच कळत होतं. पिंपरीच्या ज्या कंपनीत त्यांनी प्रेस मशीनवर उमेद घालवली, तिथं एक मद्रासकडचे साहेब होते. ओव्हरटाइम मागायला कामगार गेले की ते उठून उभे राहत आणि म्हणत, ‘आय ॲम अफ्रेड, बबनराव, नो ओव्हरटाइम धिस मंथ.’ कुणीतरी त्या शब्दाचा अर्थ विचारून आलं आणि साहेब आपल्याला भितो ही बातमी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या कारखान्यात पसरली. गेटवरच्या सभेत त्यावर भाषण झालं. पुढं कितीतरी वर्षं घरी पाहुणे आले की अण्णा सांगायचे, ‘आमचा सायेब लई खरा मानूस. तोंडावर कबूल करायचा, भ्यालो म्हनून.’ मी कॉलेजात गेल्यावर, नव्या शहाणपणाच्या भरात, त्यांना समजावून सांगितलं की ती नुसती बोलण्याची रीत आहे, नकार मऊ करायची. त्यात भीती नसते. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘मंग तसं म्हनायचं कशाला?’ तो धडा मी आजही वर्गात शिकवते. अण्णांनी मात्र त्या दिवसापासून ती गोष्ट पाहुण्यांना सांगणं सोडलं. अफ्रेड म्हणजे हरलेला माणूस हा त्यांचा अर्थ काही बदलला नाही. आणि आता भरल्या वॉर्डात, शेजारच्या पलंगावरचा खेडचा दुकानदार ऐकत असताना, नातीच्या वयाच्या मुलीनं त्यांना तो शब्द लावला होता. नातीच्या वयाच्या मुलीला तो शब्द कुणी दिला, हे त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही.

‘बेडसाइड इंग्लिश’ हे त्या अभ्यासक्रमाचं नावही माझंच. मुलींना आखातात आणि आयर्लंडात नोकरीला पाठवायचं संस्थेनं ठरवलं, एजन्सीची माणसं येऊन वॉर्ड बघून गेली, आणि डायरेक्टर सरांनी मला बोलावलं. ‘मॅडम, मुलींच्या तोंडात वाक्यं तयार पाहिजेत. विचार करत बसायला वेळ नको.’ वॉर्डात शिकाऊ मुलींनी इंग्रजीच बोलायचं असा नियमही तेव्हाच निघाला. पेशंटशी इंग्रजी, आपसात इंग्रजी, चार्टवर तर इंग्रजीच. त्या नियमाला मी मनातल्या मनात हसले होते, कारण आमचे पेशंट म्हणजे खेड तालुक्यातले म्हातारे आणि एमआयडीसीतली बिहार-मराठवाड्याची पोरं. पण हसले तरी हरखले होते हे खरं. आजवर मी डिप्लोमाच्या मुलांना रजेचे अर्ज शिकवत आले. स्वतःचा, नव्यानं घडवायचा असा अभ्यासक्रम आयुष्यात पहिल्यांदाच हाती आला होता. मी वॉर्डांतून हिंडले. पलंगांशेजारी बसले. लोक नर्सला काय सांगतात ते ऐकत राहिले. आपली माणसं निरोगी असताना बोलायला कंजूष, पण आजारी पडली की काय सुरेख बोलतात. अंग कसकसतंय. पोटात ढवळतंय. पोटऱ्या भरून आल्यात. डोळ्यांपुढं काजवे चमकतात. तोंडाला चवच न्हाई. कसंनुसं होतंय. मी हे सगळं घरी आणायची आणि एकेका वाक्याला इंग्रजी जोडीदार शोधायची. मुलींनाही हे काम वाटून दिलं होतं. ‘पायाला मुंग्या आल्यात’ ह्याचं फरहीननं ‘ॲन्ट्स हॅव कम टू हिज लेग’ असं करून आणलं, तेव्हा वर्ग इतका हसला की शेजारून ॲनाटॉमीचे सर डोकावून गेले. मी ते खोडून ‘टिंगलिंग’ दिलं. फरहीन म्हणाली, ‘पण मॅडम, ह्यात मुंग्याच नाहीत.’ नव्हत्याच. एकामागून एक वाक्यं माझ्या हातून धुऊन, इस्त्री होऊन निघत होती आणि मला त्या घडीचा अभिमान वाटत होता.

‘घाबरं’पाशी आम्ही अडखळलो होतो. मला तो तास आता पलंगाच्या कडेला बसून पुन्हा पुन्हा आठवत होता, त्यातले चेहरे, पंख्याचा आवाज. मी विचारलं, घाबरं होतंय म्हणजे नेमकं काय होतंय? कुणी म्हणालं छातीत धडधडतं. कुणी म्हणालं श्वास पुरत नाही. एकीची आजी उपासाच्या दिवशी म्हणते, म्हणजे भूक लागली की. एकीच्या आईला बस लागली की होतं. शिफा म्हणाली, ‘आमच्या दादीला पण होतं. पण काय होतं ते ती सांगू शकत नाही, म्हणून तर ती घाबरं म्हणते.’ त्यावर बऱ्याच माना हलल्या. कुणालाच ठाऊक नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं, असा तो शब्द. तास संपत आला होता. अभ्यासक्रमात एका वाक्यासमोर एकच वाक्य लागतं. तिथं आठ पर्याय लिहिले तर परीक्षेत गुण कसे द्यायचे? घाबरं हे घाबरण्याचंच भावंड, रूप तेच, धातू तोच. मी फळ्यावर लिहिलं, ‘पेशंट इज अफ्रेड.’ आणि भ्यालेल्या पेशंटला धीर कसा द्यायचा ह्याचा संवाद लिहिला, खांद्याला बोटं टेकवण्यासकट. मुलींनी तो सुरात म्हटला. बाहेर कंपन्यांच्या बसेस जात होत्या आणि आत तीस जणी एका आवाजात म्हणत होत्या की भिण्यासारखं काहीही नाही. त्या आवाजानं मलासुद्धा धीर आला होता.

डॉ. धनेश पुन्हा आले तेव्हा त्यांनी आधी चार्ट वाचला. ‘पेशंट अफ्रेड. रीअश्युरन्स गिव्हन.’ मान हलवली आणि अण्णांकडं वळून हसले. ‘बाबा, एनी पेन?’

‘नो पेन,’ अण्णा म्हणाले.

‘ब्रीदिंग ओके?’

‘ओके.’

‘एनीथिंग एल्स? कुछ हो रहा है?’

‘नथिंग,’ अण्णा म्हणाले. ‘फाइन.’

कंपनीतून निवृत्त झाल्यापासून अण्णांच्या तोंडून मी इंग्रजीत उत्तर ऐकलं नव्हतं. पाठ ताठ करून, उशीपासून जरा वर उठून ते हे बोलत होते, हजेरी देत असल्यासारखे. मी उभी राहिले. ‘डॉक्टर, ही इज नॉट फाइन. सकाळपासून त्यांना...’ आणि पुढं शब्द येईना. ‘ही इज नॉट अफ्रेड. इट इज समथिंग एल्स. हिज जीव...’ जीव ह्या शब्दाशी मी ठेचकाळले. डॉ. धनेश धीरानं थांबले होते. मी हिंदीचा आसरा घेतला. ‘घबराहट. घबराहट हो रही है उनको.’ त्यांचा चेहरा उजळला. ‘येस, येस, मॅडम. घबराहट. अँग्झायटी ओन्ली. व्हेरी कॉमन, फर्स्ट टाइम हॉस्पिटल.’ मी अण्णांना म्हटलं, ‘सांगा ना अण्णा त्यांना. आईला सकाळी काय सांगितलंत? जीव खालीखाली जातोय म्हणालात ना?’ अण्णांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. डॉक्टरकडं बघत म्हणाले, ‘काय न्हाई.’ मग मी, इंग्रजीची एम.ए., एका अभ्यासक्रमाची जनक, वॉर्डाच्या मधोमध उभी राहून म्हणाले, ‘डॉक्टर, ही फील्स हिज लाइफ इज गोइंग डाउन अँड डाउन.’ डॉ. धनेश हसले, वाईट हसले नाहीत, आपुलकीनंच हसले. ‘मॅडम, दॅट इज पोएट्री.’ शांत वाटावं म्हणून एक छोटी गोळी देतो, म्हणाले, आणि पट्टी ठरल्याप्रमाणं पुन्हा काढूच. त्यांचं काही चुकलं असं मला तेव्हाही म्हणता आलं नाही. पेशंट शुद्धीवर होता आणि स्वतःच्या तोंडानं, त्यांना कळणाऱ्या भाषेत, आपल्याला काही होत नाही असं सांगत होता. त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला एक मुलगी उभी, आणि तिला शब्द सापडत नव्हता.

मग मी तो शब्द शोधत राहिले. पॅल्पिटेशन नव्हे, ती नुसती धडधड. डिस्ट्रेस फार मोठा. अनईझी तर नव्या चपलेतही वाटतं. एकेक शब्द उचलून अण्णांच्या पाठीला लावून पाहावा आणि तो तोकडा पडावा. लहानपणी आम्ही चऱ्होलीला रानात राहायचो, आता तिथं बारा मजली सोसायटी आहे आणि आमचं घर तिच्या कुंपणाबाहेर आहे. दिवस मावळला की विहिरीपलीकडच्या गोठ्यातून काही आणायला अण्णा मला पाठवायचे. मी घुटमळले की म्हणायचे, ‘भ्यायचं न्हाई.’ पुण्याला कॉलेजात पहिल्यांदा जाताना स्टॉपवर सोडायला आले, बस आली तेव्हाही तेच, ‘भ्यायचं न्हाई.’ माझं लग्न मोडलं आणि मी परत आले, तेव्हा दारात उभे राहून त्यांनी बॅग हातातून घेतली आणि म्हणाले, ‘भ्यायचं न्हाई.’ आमच्या घरात भीतीवर औषध म्हणून एवढंच होतं, आणि ते हुकमासारखं दिलं जायचं. भ्यालेल्या माणसाजवळ बसून काय करायचं, हे आम्हाला कधी कुणी दाखवलं नाही. घाबरं व्हायची मात्र आमच्याकडं पूर्ण मुभा होती. आईला व्हायचं, चुलतीला व्हायचं, अण्णांना सुद्धा व्हायचं. उन्हातून आले की ओट्यावर बसून म्हणायचे, ‘जरा घाबरं झालं, पानी आन.’ त्यात लाज नव्हती. घाबरं हे शरीराचं होतं, बाहेरून यायचं आणि पाणी पिऊन जायचं. भ्या हे माणसाचं होतं. हा फरक मला सगळ्या वर्गापेक्षा जास्त ठाऊक होता, अंगाखांद्यावर वाढला होता माझ्या, आणि फळ्यापाशी उभी असताना तो माझ्या हाताला लागला नाही. राग आला मला, कुणाचा ते समजेना. त्या रागाचंही काही करता येत नव्हतं.

दुपारचं जेवण आलं, वरण-भात. अण्णांनी चमच्यानं भात एका बाजूला केला, पुन्हा दुसऱ्या बाजूला केला आणि ताट सारलं. पंखा डोक्यावर फिरत होता तरी त्यांच्या कपाळावर बारीक घाम दिसला. मी पुसला, तो पुन्हा आला. हात लावला तर कपाळ गार. मी शिफाला हाक मारली. ती धावत आली, तिनं नाडी धरली आणि सवयीनं तोंड उघडलं, ‘सर, आर यू...’

‘मराठीत विचार,’ मी म्हटलं.

‘मॅडम, सिस्टर बघतायत.’

‘बघू दे. विचार.’

शिफा पलंगाशी वाकली. ‘बाबा, काय होतंय सांगा ना. घाबरं होतंय का?’

अण्णांनी तिच्याकडं पाहिलं. ओठ कोरडे पडले होते त्यांचे. ‘न्हाई,’ म्हणाले. ‘म्या भीत न्हाई कुनाला.’

‘मॅडम, ते नाही म्हणतायत,’ शिफानं मला सांगितलं, जणू मी ऐकलंच नव्हतं.

‘अण्णा, भीतीचं नाही विचारत ती,’ मी म्हटलं. ‘घाबरं विचारतेय. घाबरं, अण्णा. तुम्ही नेहमी म्हणता ते.’ पण बोलता बोलता माझ्याच कानांना जाणवलं की शब्द नासला आहे. एका सकाळीत नासला. त्या पलंगापाशी आता घाबरं म्हणजे भ्यालेला, एवढाच अर्थ उरला होता. इंग्रजीत जाऊन तो परत आला तो असा बाटूनच. सत्तर वर्षं ज्या शब्दावर अण्णांनी आपल्या जिवाची हालहवाल सांगितली, तो त्यांच्या तोंडून काढून घेतला होता आणि त्याच्या जागी त्यांच्याजवळ दुसरा नव्हता. ते काहीही सांगायला तयार होते असं त्यांचे डोळे म्हणत होते, पण कशानं सांगणार? त्यांनी हात उचलून छातीपाशी नेला, मधेच थांबवला आणि चादरीची सुरकुती नीट केली. मला रडू आलं. मी ते गिळलं, कारण माझं रडू बघून त्यांनी आणखी ताठ व्हायचं ठरवलं असतं.

शिफानं घामाचं डॉक्टरांना कळवलं आणि दुसरी पट्टी ठरलेल्या वेळेच्या आधीच निघाली. ती यंत्रातून सरकत बाहेर येत असतानाच डॉ. धनेश यांचा चेहरा बदलला. त्यांनी सकाळची पट्टी शेजारी धरली. मग फार भराभर सगळं झालं; जिभेखाली गोळी, दंडात सुई, फोनवर कुणाशी तरी मल्याळममध्ये आणि इंग्रजीत, पिंपरी, हार्ट, कॅथलॅब, लगेच. ‘शुगर पेशंट, मॅडम, चेस्ट पेन मे नॉट कम,’ ते मला म्हणाले, ‘बट ही शुड हॅव टोल्ड समथिंग.’ मी मान हलवली. ही शुड हॅव. त्या वाक्याचं व्याकरण मी दर सत्रात शिकवते, जे करायला हवं होतं आणि झालं नाही त्याच्यासाठी. स्ट्रेचरवर घेताना अण्णा एकदा पुटपुटले, ‘आईला सांगू नको.’ मी आईला फोन केला आणि पिंपरीला दाखवायला नेतोय एवढंच सांगितलं. ‘घाबरं कमी झालं का?’ आईनं विचारलं. मी हो म्हटलं.

खंडू ड्रायव्हरनं गाडी काढली. डॉ. धनेश उशाशी मॉनिटर बघत फोनवर बोलत होते, शिफा सलाइनची बाटली धरून बसली होती, मी पायाशी. सायरन चालू होता. चाकणच्या चौकापर्यंत आलो आणि थांबलो. पहिली शिफ्ट सुटली होती. कंपन्यांच्या पांढऱ्या बसेस एकीला एक चिकटून उभ्या, मधे नव्या कोऱ्या गाड्या लादलेला लांबलचक ट्रेलर वळताना अडकलेला, त्याच्या मागं कांद्याचे ट्रक. बसच्या खिडक्यांतून दमलेली पोरं खाली आमच्याकडं बघत होती. कुणी मुद्दाम अडवत नव्हतं, जो तो आपापल्या जागी अडकला होता. खंडूनं डोकं बाहेर काढून हाका मारल्या, मग उतरून पुढं गेला, ट्रेलरवाल्याशी हातवारे करताना दिसला. डॉ. धनेश पाठ वळवून पिंपरीच्या हॉस्पिटलला सांगत होते की आम्ही निघालो आहोत, रस्त्यात आहोत. सायरन तसाच ओरडत राहिला. त्याच्या ओरडण्यानं एक मोटारसायकल तेवढी बाजूला झाली.

अण्णांनी नाकावरचा मास्क बोटानं खाली ओढला. शिफा म्हणाली, ‘नको बाबा, राहू द्या,’ आणि तो पुन्हा लावायला वाकली, तेव्हा त्यांनी तिचं मनगट धरलं. कंपनीत पत्रे उचलून उचलून रुंद झालेला त्यांचा पंजा, त्यात तिचं मनगट दिसेनासं झालं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तिच्याकडंच पाहिलं, आणि लहान आवाजात, एकेक शब्द नीट लावून म्हणाले, ‘पोरी, भ्या वाटतंय गं मला.’

भ्या म्हणाले. माझ्या उभ्या जन्मात मी त्यांच्या तोंडून तो शब्द त्यांच्या स्वतःसाठी ऐकला नव्हता. माझे हात त्यांच्या पायांवर होते आणि पाय गार होते, मी ते चोळायला लागले.  शिफानं माझ्याकडं पाहिलं. वर्गात शब्द अडला की पाहते तसं, घाई न करता, मॅडमना येत असणारच अशा विश्वासानं. मी पाय चोळत राहिले. पुढं खंडू कुणावर तरी ओरडत होता. पुन्हा मान वर केली तेव्हा मनगट अजून अण्णांच्या हातात होतं आणि ती अजून माझ्याकडंच बघत होती.